माझं मनगट आणि यमुनेचा अंगठा

गावात कोणा बाईच्या बोटांना मुंग्या यायला लागल्या की ती माझ्याकडे येते. माझ्या उजव्या तळहाताच्या मुळाशी बोटभर वण आहे. तो ती दाबून पाहते आणि विचारते, "लई दुखनं व्हतं का वं?" मी म्हणते, चिरताना काही नाही दुखलं. मग तिला चहा देते आणि सुरतेच्या दवाखान्याला कसं जायचं ते सांगते. पण खरी गोष्ट अर्ध्या कप चहात सांगून होत नाही, म्हणून ती लिहून ठेवते आहे. मी चौथीपर्यंत शिकले आहे, तेव्हा शुद्धलेखन कोणी काढू नये.

आधीच सांगते, ही एका जळकुट्या बाईची गोष्ट आहे. आजार मनगटात झाला होता, पण निम्मा त्रास मी माझ्या स्वभावाने ओढवून घेतला. आणि माझ्यापुरता घेतला असता तर ठीक होतं.

खापर

माझं सासर शहादे तालुक्यातलं, तापीकाठचं. घरी कापूस आणि केळी. महाराष्ट्र नुकताच वेगळा झाला होता आणि आमचा तालुका तेव्हा धुळे जिल्ह्यात होता.

आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मांडे होतात. लग्नात होतात. नवा व्याही पहिल्यांदा दारात आला की होतातच. चुलीवर मातीचं मोठं खापर पालथं घालायचं. पुरण भरलेला गोळा पाटावर जरासा थापायचा आणि मग लाटणं बाजूला ठेवून दोन्ही हातांवर खेळवायचा. या हातावरून त्या हातावर, मनगटं फिरवत, कोपरापर्यंत पसरला की अलगद खापरावर टाकायचा. मांडा इतका पातळ हवा की त्यातून चुलीचा जाळ दिसावा. लग्नघरात एका बैठकीला दीडशे मांडे मी सहज उतरवत असे. भावकीत कुठेही लग्न निघालं की मला नारळ देऊन खापरावर बोलवत.

आमच्या सासूबाईंचा एक नियम होता. "खापर एक हातनं ऱ्हास. हात बदलना ते मांडा फाटस." एका घरात खापरावर हात एकाच बाईचा. बाकीच्यांनी डाळ शिजवावी, पुरण वाटावं, गोळे भरावेत. एकदा हात बदलला की पुढच्या आखाजीपर्यंत तोच राहायचा. सासूबाईंचा हात थकल्यावर त्यांनी खापर मला दिलं, त्याला सोळा वर्षं झाली होती.

यमुना माझ्या धाकट्या दिराची बायको, माझ्याहून आठ वर्षांनी लहान. माहेर ब्राह्मणपुरीचं. लांब बोटं, कामाला चपळ, आणि तोंडात साखर. मी तिला पुरण वाटायला बसवलं होतं आणि खापराजवळ फिरकू देत नव्हते. ती लांबून माझ्या मनगटांकडे बघत राहायची. मला ते कळायचं आणि मी मुद्दाम पाठ करून बसायचे. आपला हात जगन्नाथ, हे मला सोळा वर्षांत कोणी सांगायची गरज पडली नव्हती.

भाजलं ते कळलंच नाही

मुंग्या दोन वर्षं येत होत्या. झोपेत हात जड व्हायचा, अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर व्हायची. उठून हात झटकला की बरं वाटायचं. दळण, कापूस वेचणं, धारा काढणं, हात दुखायचेच सगळ्या बायकांचे. त्याचं कौतुक कोण करतं? मग सुईत दोरा जाईना. दुधाचा तांब्या दोनदा सुटला. मी म्हटलं तांब्याच गुळगुळीत आहे.

त्या आखाजीला दिराच्या सासरची माणसं यायची होती. मी खापरावर बसले होते. एक मांडा कडेला चिकटला म्हणून मी बोटांनी उचकटायला गेले, आणि यमुना किंचाळली.

"ओ माय! बाई, तुमना हात बळी ऱ्हायना!"

मी खाली पाहिलं. माझी दोन बोटं तापल्या खापराला टेकलेली होती आणि मला त्याचा पत्ता नव्हता. पहिल्यांदा वास आला. मी हात काढला तेव्हा बोटांच्या टोकांची कातडी पांढरी पडली होती. दुखत काहीच नव्हतं, आणि त्याचीच भीती वाटली.

सासूबाई जवळ आल्या. फोडाकडे बघून त्या मागे सरकल्या. "इतलं भाजनं तरी दुखस नही?" त्यांनी हळू विचारलं. मी नाही म्हटलं. त्यांच्या तोंडून पुढचा शब्द निघाला नाही, पण चुलीपाशी बसलेल्या सगळ्या बायकांना तो ऐकू आला. भाजून न दुखणं एकाच रोगात असतं, असं आमच्याकडे लहान पोरही सांगेल. महारोग.

मग त्या वळून म्हणाल्या, "यमुना, तू बठ खापरवर."

कणीक मळलेली, पाहुणे ओट्यावर बसलेले, दुसरं काय करणार होत्या? यमुना बसली. मी न्हाणीत हातावर पाणी ओतत उभी होते आणि माझे कान चुलीकडे होते. पहिला मांडा फाटला असता तर मी देवाला नारळ फोडला असता. तो फाटला नाही. पाहुण्यातला एक म्हातारा मोठ्यांदा विचारत होता, "मांडा भलता नरम शे. कोना हातना शे?"

महारोग झाला असेल की काय, ही भीती होतीच. पण खरं लिहायचं तर त्या घटकेला ती दुसऱ्या नंबरावर होती.

वेगळं ताट

दुसऱ्या दिवसापासून माझं ताट आणि पेला वेगळ्या कोनाड्यात गेला. सासूबाई मला वाईट वागवत नव्हत्या, उलट नको तितक्या गोड बोलत होत्या. पाण्याच्या माठाला मी हात लावायच्या आत यमुना पाणी काढून द्यायची. तिला वाटत असेल ती मला मदत करते आहे. मला वाटत होतं ती घर ताब्यात घेते आहे. गावात कुजबुज सुरू झाली तेव्हा ती यमुनेनेच पसरवली, असं मी मनाशी ठरवून टाकलं. पुरावा काहीच नव्हता, पण पुरावा नसल्याने माझं अडत नव्हतं.

आमचे हे अबोल माणूस. चार दिवस त्यांनी माझ्या फोडांकडे पाहिलं आणि पाचव्या दिवशी म्हणाले, "सकाय शहादाले जाऊत."

शहाद्याच्या डॉक्टरांनी माझी पाठ, कान, कोपरं तपासली. टाचणी घेऊन एकेका बोटाला टोचली. अंगठा, पहिलं बोट, मधलं बोट, कुठेच नीट कळेना. करंगळीला टोचली तेव्हा मी ओरडले. डॉक्टर हसले. म्हणाले, तो रोग असा नेमकी तीन-साडेतीन बोटं वाटून घेत नाही. अंगावर चट्टा नाही, करंगळी शाबूत आहे. तुमची मनगटातली नस दबली आहे.

आमच्या ह्यांनी टोपी काढून कपाळ पुसलं. लग्नानंतर त्यांच्या डोळ्यांत पाणी मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. आणि मी काय विचारलं? मी विचारलं, "मांडे करता येतील ना?"

घरी येऊन मी ताट स्वतः कोनाड्यातून काढलं आणि सगळ्यांच्या ताटांत आपटून ठेवलं. सासूबाई पदराने डोळे पुसत होत्या. पण खापराचा नियम नियमच होता, पुढच्या आखाजीपर्यंत हात यमुनेचा. त्या वर्षी भावकीत तीन लग्नं झाली. तिन्ही वेळा नारळ आमच्या दारात आला आणि तिन्ही वेळा माझ्या समोरून यमुनेच्या ओटीत गेला.

सुरत

पाऊस सरल्यावर नंदुरबारहून गाडीने सुरतेला गेलो. सुरत आता दुसऱ्या राज्यात गेली होती, पण आमच्या भागातला अवघड आजार पूर्वीपासून तिकडेच जायचा.

दवाखान्यातले डॉक्टर तरुण होते, गुजराती बोलत, आम्हाला सगळं कळे. त्यांनी माझ्या मनगटाला मधोमध बोट लावून सांगितलं की इथे एक अरुंद बोळ आहे. त्यातून बोटं हलवणाऱ्या दोऱ्या जातात आणि एक नस जाते. वर्षानुवर्षं मनगट पिळून पिळून दोऱ्यांभोवतीचं अस्तर जाड होतं, सुजतं. बोळ तेवढाच राहतो. मग नसेला रक्त देणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या चेपल्या जातात, त्यांच्या भिंतीही जाड होतात, आणि नस उपाशी राहते.

मी म्हटलं, म्हणजे पाटात गवत माजलं की शेवटच्या वाफ्याला पाणी पोचत नाही, तसं.

ते म्हणाले, अगदी तसं.

दवाखान्यात मी आठ दिवस होते. सकाळी नर्स ताप बघायची, मग चहा-पाव, मग डॉक्टरांची फेरी, दुपारी भेटायला येणाऱ्यांचा गोंधळ. त्या आठ दिवसांत मी कोणाचे चेहरे पाहिलेच नाहीत, नुसते हात पाहिले. नर्स दोन बोटांत औषधाची बारीक बाटली धरून टोक मोडायची, त्याचा मला राग यायचा. शेजारच्या खाटेवर पोटाचं ऑपरेशन झालेली एक म्हातारी होती, तिची सून तिची वेणी घालायची. त्या सुनेच्या अंगठ्याकडे मी अशी बघायचे की तिने एकदा पदर सारखा केला. हेवा करायला पैसा, दागिना, रूप लागतं असं मला वाटायचं. बोटांच्या चिमटीसाठीसुद्धा माणूस जळतं, हे तिथे कळलं. त्याच सुनेने मला चिकू सोलून दिला. तो गोड होता, मी खाल्ला आणि तिच्या नखांचा हेवाही चालू ठेवला.

ऑपरेशनच्या दिवशी भूल फक्त हातापुरती दिली. मधे हिरवा पडदा होता. मी जागी होते आणि भीतीने बडबडत होते, म्हणून डॉक्टरही बोलत राहिले. "नस दिसली. दोन्हीकडे फुगलेली आहे, मधे चपटी झाली आहे. पांढरी पडली आहे." रक्त थांबवायला दंडाला बांधलेला पट्टा सैल केला तेव्हा हातात ऊन ऊन भरल्यासारखं झालं. डॉक्टर म्हणाले, "बोळावरची पट्टी कापली. आता बघा, गुलाबी होते आहे." मला दिसत नव्हतं. मी म्हटलं, तुम्हीच नीट बघा.

निघायच्या दिवशी त्यांनी मला बजावलं. तुम्ही वेळेत आलात. घरात आणखी कोणाला असं होऊ लागलं तर थांबू नका. रक्त परत आणता येतं, पण अंगठ्याखालचं मांस एकदा वाळलं की आमच्या हातात फार काही राहत नाही.

हे वाक्य मी नीट ऐकलं होतं, हे मुद्दाम इथे लिहिते.

परत खापरावर

बोटं हळूहळू जागी झाली. पहिल्यांदा मधलं बोट, मग अंगठा. जिऱ्याचा दाणा चिमटीत कळायला लागला त्या दिवशी मी सबंध डबा चिवडत बसले. थंडीत मी चोरून मळलेल्या कणकेचे गोळे हातावर खेळवून पाहिले. वीस फाटले असतील. मग फाटेनासे झाले.

आखाजी आली. मी भांडायच्या तयारीने चुलीपाशी गेले. सोळा वर्षांचा हक्क, दवाखाना, परक्यासारखं ताट, सगळं पाठ करून ठेवलं होतं. मी तोंड उघडायच्या आत यमुना पाटावरून उठली.

"आते तुमना हात बरा व्हयना ना, बाई. तुम्हीच बठा."

इतक्या सहज? मला ते टोचलं. पण मी बसले. मांडा पसरला, जाळ दिसला, सासूबाई म्हणाल्या, "आते कसं घर घरसारखं वाटस." मी विरघळले. वर्षभराचं उट्टं निघालं असं वाटलं.

दुपारी गोठ्यात शेण काढायला गेले. यमुना गव्हाणीपलीकडे उभी होती. ती उजवा हात खाली सोडून झटकत होती. तापमापक झटकतात तसा, पुन्हा पुन्हा. मग तिने अंगठा दाताखाली धरला, चावला, आणि काही कळतं का ते बघितलं.

मी ते झटकणं दोन वर्षं केलेलं होतं. मला सांगायला डॉक्टर नको होता.

म्हणजे तिने खापर मला मानाने दिलंच नव्हतं. तिचा हात गेला होता. आणि हे घरात कळलं तर सगळे काय म्हणणार? यमुनेला होईना म्हणून थोरलीला बसवलं. दोनच तासांपूर्वी मिळालेला माझा मान उष्टा ठरणार. मी पाटी तिथेच ठेवली आणि आल्या पावली परतले. उद्या सांगू, असं म्हटलं. मग पेरण्या झाल्यावर सांगू. मग वाटलं, तिच्या तोंडाला काय झालं आहे, तिने विचारावं. मी सुरतेला जाऊन आलेली, घरात एकच बाई जिला हे कळतं, आणि मी कापसाला बोंडं धरेपर्यंत गप्प राहिले. तिच्या हातून तांब्या पडला की मी तो उचलून द्यायचे. मनात एक कोपरा गार व्हायचा, तो व्हायचाच.

दिवाळीचं तेल

दिवाळीत आमच्याकडे सासू सुनांना तेल लावते. त्या वर्षी सासूबाईंचे गुडघे धरले होते, म्हणून त्यांनी मला सांगितलं, धाकटीला तू लाव. न्हाणीत यमुना पाटावर बसली. मी तिचा उजवा हात हातात घेतला आणि तेल चोळत अंगठ्याच्या बुडाशी आले.

तिथे उंचवटा नव्हता. आपल्या सगळ्यांना तिथे मऊ फुगीर मांस असतं, तिथे खळगा होता. माझ्या बोटांना तो लगेच कळला, कारण माझी बोटं आता चांगली होती.

"काय व्हयनं वं हाई?" मी विचारलं.

"काही नही. मुंग्या येतीस."

त्याच आठवड्यात मी दिराला कामं टाकायला लावली आणि स्वतः तिला घेऊन सुरतेला गेले.

त्याच डॉक्टरांनी तिचा अंगठा धरून पाहिला. करंगळीकडे आण म्हणाले. तो अर्ध्या वाटेत थांबला. त्यांनी विचारलं, कधीपासून? यमुना म्हणाली, दीड वर्ष झालं. ते माझ्याकडे वळले. तुम्ही तर घरातच होता.

मी म्हटलं, "मला आखाजीपासून माहीत होतं. मी सांगितलं नाही."

डॉक्टरांनी लेखणी खाली ठेवली. मी विचारलं, तेव्हा आणलं असतं तर? ते म्हणाले, कदाचित. त्यांनी नक्की म्हटलं असतं तर मी रडून मोकळी झाले असते, अजिबात नाही म्हटलं असतं तर सुटले असते. कदाचित हा शब्द मी इतकी वर्षं घेऊन बसले आहे.

बाहेर बाकावर आम्ही दोघी बसलो. मी तिच्याकडे बघत नव्हते. तीच बोलली.

"माले माहीत व्हतं, बाई. तुम्ही गोठामा उभ्या व्हत्यात. मी देखं."

"मंग तू का बरं बोलनी नही?"

"मी सोताहून खापर सोडं, असं सर्वासले वाटाले पाहिजे व्हतं. हात गया म्हनीसन सोडं, हाई कसाले सांगू?" मग ती म्हणाली, "आनि तुमना मांडा मन्हापेक्षा नरम व्हयना त्या दिवशी. मी लई बळनू."

म्हणजे तीही जळत होती. माझ्याइतकीच, कदाचित जास्त. मला वाटलं होतं हे ऐकून मला हलकं वाटेल. वाटलं नाही. जळत दोघी होतो, पण डॉक्टरांचं बजावणं एकटीच्याच कानावर पडलेलं होतं.

ज्यांना मुंग्या येतात त्यांच्यासाठी

यमुनेचं ऑपरेशन नीट झालं. डॉक्टरांनी सांगितलं, नसेत रक्त फिरलं. तिच्या मुंग्या गेल्या, झोप परत आली, ऊन-गार कळायला लागलं. अंगठ्याखालचा खळगा मात्र भरला नाही.

बायांनो, हात झटकावा लागत असेल तर लपवू नका. तो वात नसतो, आळस नसतो, आणि महारोग तर बहुधा नसतोच. दुसरीला हात झटकताना पाहिलंत तर तिला त्याच दिवशी सांगा. तिचं तोंड बघवत नसलं तरी सांगा. ती बरी झाल्यावर पुन्हा भांडायला पुष्कळ दिवस मिळतात.

यमुना दळते, स्वयंपाक करते, शेतात जाते. पण चिमटीचं काम तिला जमत नाही. आमच्याकडच्या चोळीला पुढे गाठ असते. ती गाठ रोज सकाळी मी बांधते. कधी मी घाईत असते, कधी आदल्या दिवशीचं भांडण मिटलेलं नसतं, तरी ती माझ्यासमोर येऊन उभी राहते. मी दोन टोकं धरते, ती छतापाशी कुठेतरी बघत राहते. घट्ट झाली की सांगते, ढिली झाली की सांगते.